बू मुर्वानींचा आवाज

४ सप्टेंबर

आज माणसाचा गळा हातात धरला!

खराखुरा. पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवलेला, राखाडी, रबरी मोज्यातूनही थंड लागणारा. आणि केवढुसा! मला वाटलं होतं, ज्यातून बांग निघते, भांडणं निघतात, इथल्या सोलोच्या क्लेवेर बाजारातल्या बायकांचा तो सगळा गलका निघतो, ते यंत्र चांगलं मोठं असेल. लहानशा पेरूएवढं होतं. शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डॉक्टर प्रबावांनी चिमट्याने आतले दोन पांढुरके पडदे अलगद बाजूला केले आणि म्हणाले, "हे बघा. एवढंच. बाकी नुसती हवा."

रोटुआ आधी बाहेर पळाली. माझ्या खोलीत राहते ती रोटुआ, तोबा तळ्याकडची बाटाक पोरगी. बोलली की गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. मी आपली गप्प उभी राहते, मला काही होत नाही, आणि ही रणरागिणी गटारावर वाकून ओकते! परत आली तेव्हा तोंड पांढरंफटक. "कुणाला सांगितलंस तर बघ," म्हणाली.

जेवायला सोतोचं सूप घेतलं. वाटीत कोंबडीची मान आली. दोघींनी वाट्या सरकवल्या.

५ सप्टेंबर

दिवसभर स्वतःचा गळा चाचपते आहे. गिळलं की वर जातो, परत खाली येतो. इतकी वर्षं हे चाललं होतं आणि मला पत्ता नाही!

१३ सप्टेंबर

खरं म्हणजे मला नर्सिंगला जायचं होतं. जागा मिळाली नाही म्हणून इकडे, वाचा-उपचाराला. वाटलं होतं, बोबड्या पोरांना चित्रं दाखवायची, "म्हण बरं, फूल" करायचं. आणि इथे पहिल्या सहामाहीत हाडं, स्नायू, मेंदूच्या नसा! बारा जोड्या! पाठ करता करता रोटुआ भिंतीवर डोकं आपटून घेते. पलीकडच्या खोलीतून घरमालकीण ओरडते, "अगं, भिंत माझी आहे!"

१४ सप्टेंबर

आज बू मुर्वानींचा, म्हणजे मुर्वानीबाईंचा, पहिला तास. आवाज आणि त्याचे आजार हा त्यांचा विषय. पन्नाशी उलटलेल्या, राजवाड्यामागच्या जुन्या घराण्यातल्या. चालतात तर पाऊल वाजत नाही. सगळ्यांत धाकट्या पोराला म्हणाल्या, "आपण कृपा करून फळा पुसाल का?" आपण! तो बिचारा लाजून अर्धा झाला. आमच्या जावाच्या भाषेतली ती सगळ्यांत आदराची बोली मी लग्नाकार्यात ऐकलेली. या ती शिपायाशीही बोलतात. खालच्या बोलीतला एक शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नाही म्हणे.

आवाज मात्र घोगरा. वारा जास्त आणि सूर कमी, असा.

"आवाजाच्या बाई, आणि आवाज बघ!" रोटुआ माझ्या कानात. "चपलेखाली वाळू आल्यासारखा."

"गप! सर्दी झाली असेल."

२८ सप्टेंबर

सर्दी नाही. दोन आठवडे तसाच आहे. आज शिकवता शिकवता पाण्याचा घोट घेतला आणि जोरात ठसका लागला. खोकल्या, पण खोकलाही कसा तर फुसका. भाता फाटल्यासारखा. डोळ्यांत पाणी आलं, ते रुमालाने टिपलं, "क्षमा असावी," म्हणाल्या आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं.

आम्ही लिहीत राहिलो.

९ ऑक्टोबर

आजचं आजच लिहायला हवं.

डॉक्टर प्रबावांचा तास होता. गळ्याच्या नसा. आवाजाचे ते दोन पडदे हलवणारी नस मेंदूतून येते, इथवर ठीक. पण ती गळ्यापाशी थांबत नाही! शेजारून सरळ पुढे खाली जाते आणि मग मागे फिरून वर येते. उजवी थोडी खाली जाऊन वळते. डावी थेट छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या खालून वळसा घेते आणि तेवढीच वाट परत चढून गळ्यात येते.

"समोर दार असताना मागच्या गल्लीने यायचं!" मागून कुणीतरी.

"जिराफाचा विचार करा," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या नसेला केवढी वारी घडत असेल." सगळे हसले. मीही हसले.

मग त्यांनी खडू खाली ठेवला. "म्हणून सांगतो. आवाज बसला की नुसता गळा बघू नका. छातीत काही वाढलं, काही फुगलं, तर ही डावी नस दाबली जाते. आवाज घोगरा होतो. पाणी पिताना ठसका लागतो. खोकला फुसका येतो. असा माणूस तुमच्याकडे आला, आवाज तीन आठवड्यांवर बसलेला असेल, तर आधी डॉक्टरकडे पाठवा. तुमचे व्यायाम मागाहून."

घोगरा. ठसका. फुसका.

मी मान वर केली. सगळ्यांच्या माना वहीत! सगळे लिहीत होते!

पुढचा तास बू मुर्वानींचा. आत आल्या, हात जोडले आणि त्या वाऱ्याच्या आवाजात म्हणाल्या, "शुभ सकाळ. आपण सगळे बरे आहात ना?"

१० ऑक्टोबर

रोटुआला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"अय्यो," म्हणाली. "खरंच की! सगळंच जुळतंय. जा, सांग त्यांना."

"मी? बूंना? वेड लागलंय का?"

"मग काय करणार? तुम्हा जावावाल्यांचं घर पेटलं ना, तरी शेजाऱ्याला विचाराल, माफ करा, आज जरा उकडतंय का?"

"तूच सांग मग! तुझ्यात दम आहे ना."

तिने तांदळातला एक खडा वेचून बाहेर फेकला. मग म्हणाली, "मी सांगितलं तर काय म्हणतील? बाटाक पोरगी, उद्धट, तोंडाळ. ऐकणार नाहीत. तू तोंड उघडलंस तर सगळे दचकतील. म्हणून तू."

१२ ऑक्टोबर

आज डॉक्टर प्रबावांना गाठलं. वाटलं, ते डॉक्टर, तेच सांगतील. मी कशीबशी आडवळणाने सुरुवात केली. बू मुर्वानींचं नाव येताच त्यांनी डोळे मिटले.

"हं. माझ्याही कानावर आलाय तो आवाज."

कानावर आलाय!

"पण पोरी, त्या माझ्यापेक्षा मोठ्या. माझी बायको त्यांच्या हाताखाली शिकली. आणि हा त्यांचाच विषय. मी त्यांना काय सांगू? त्यांना माहीत असणारच. दाखवलंही असेल कुणाला तरी."

"विचारलंत का, सर?"

त्यांनी चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती.

शिक्षकांच्या खोलीत रोज बूंसोबत जेवायला बसतात ती सगळी माणसं आवाजाची जाणकार! दुसऱ्यांच्या आवाजातली बारीकशी कुरकुर पकडून त्यावर पोट भरणारी! आणि एकानेही विचारलं नाही. मला वाटत होतं, मी नवशिकी, मला भास होतोय. भास कसला! ऐकलंय सगळ्यांनी. भिडेखातर माणूस मरू द्यायचा का?

१६ ऑक्टोबर

बूंच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

१९ ऑक्टोबर

परत तेच. आज तर त्यांनी आतून "कोण आहे?" विचारलं. मी पळाले! गाढव!

२४ ऑक्टोबर

सांगितलं.

सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या वाटेल की स्वप्न पडलं.

तास संपल्यावर त्यांच्या खोलीत गेले. "बू, एक शंका होती. एका रुग्णाबद्दल."

"बसा ना." पुढे तळलेल्या केळ्यांची बशी सरकवली. "बोला."

"आवाज बसलाय, बू. घोगरा. हवा निसटते. पाणी पिताना ठसका लागतो."

"खोकला?"

"फुसका."

"छान निरीक्षण. किती दिवस?"

"महिना उलटून गेला असेल. नक्की माहीत नाही."

"मग आपण काय कराल?"

"आधी डॉक्टरकडे पाठवीन. छातीचा स्कॅन करायला सांगीन."

"अगदी बरोबर." त्या हसल्या. परीक्षेत पास झाल्यावर हसतात तसं. "वय काय रुग्णाचं?"

"पन्नाशी उलटलेली."

"बाई की पुरुष?"

"बाई."

"व्यवसाय?"

"शिक्षिका आहेत, बू."

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे त्यातून निघून गेले. बाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती सुरू होईना. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हात गळ्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

मग म्हणाल्या, "आपण आता यावं."

बस. एवढंच. मी उठले, वाकून नमस्कार केला, दारावर खांदा आपटला. बाहेर येऊन पायरीवर बसले. रोटुआने हात धरून खोलीवर आणलं.

मी त्यांच्या तोंडावर त्यांना आजारी ठरवलं! मी! अजून बारा नसा पाठ नाहीत मला!

२६ ऑक्टोबर

बू मुर्वानींचा तास झाला नाही. "रजेवर आहेत." वर्गात कुजबुज. कुणाला तरी कळलंय. एक मुलगा जाता जाता म्हणाला, "काय डॉक्टरीणबाई, माझा पण आवाज तपासता का?" रोटुआने त्याला असं काही सुनावलं की त्याला खरंच बोलता येईना.

२ नोव्हेंबर

अजून रजेवर. कुणी काही सांगत नाही. रागावल्या असतील? आजारी असतील? मी रोज त्यांच्या खोलीवरून जाते. कुलूप.

६ नोव्हेंबर

पाक दार्सोनो आले! बू मुर्वानींचे यजमान. दारात उभे, हातात सालाक फळांची पिशवी, अंगात बाटिकचा सदरा, एक बटण चुकलेलं. घरमालकीण घाबरून आत पळाली, चहा ठेवते म्हणाली आणि दाराआड उभी राहिली.

"वेनिंग आपणच का?"

मी हो म्हटलं. वाटलं, आता बोलतील मला.

"तिच्या छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगलीये," म्हणाले. "संत्र्याएवढी. डॉक्टरांनी चित्र दाखवलं. म्हणाले, कधीही फुटेल. शिंक आली तरी."

संत्र्याएवढी! ते संत्रं घेऊन त्या आमच्यासमोर उभ्या राहून शिकवत होत्या! जिने चढत होत्या!

पाक दार्सोनो बाकावर बसले. पिशवी मांडीवरच. "गेल्या रमजानपासून तिचा आवाज असा झालाय. मला वाटलं, माझ्यावर रुसलीये. एवढ्या संसारात कधी भांडली नाही हो ती. म्हटलं, ही तिची भांडायची रीत असेल. मीही विचारलं नाही. वाट बघत बसलो, कधी राग जातोय."

मग चहा न पिताच उठले. म्हणाले, जकार्त्याला नेणार. ऑपरेशन आहे. आणि म्हणाले, "तिने सांगितलंय, पोरीला सांगा, मी रागावलेले नाही. त्या दिवशी जायला सांगितलं, कारण मला उठता आलं नसतं तिच्यासमोर."

८ नोव्हेंबर

बू मुर्वानी वर्गात आल्या. डॉक्टरांनी हलायलाही नको सांगितलंय. तरी आल्या! खुर्चीवर बसूनच बोलल्या. पाक दार्सोनो दारात उभे, जणू त्या पडल्या तर तिथूनच झेलणार होते.

"आज नवीन काही नाही," त्या म्हणाल्या. "आज माझा आवाज ऐका. मी एक परिच्छेद वाचते. आपण जे ऐकाल ते लिहा. जसं ऐकाल तसं. मान ठेवायचा नाही. सौम्य करायचं नाही."

वाचलं. आमचा सबंध वर्ग, चाळीसेक पोरं. पेनांचा आवाज येत होता, आणि मागे कुणीतरी नाक ओढत होतं. डॉक्टर प्रबावा शेवटच्या बाकाशी उभे होते. ते केव्हा आले कळलं नाही. तेही लिहीत होते.

मग बूंनी एकेकाला वाचायला लावलं. "घोगरा." "हवा निसटते." "दम पुरत नाही, वाक्य तुटतं." प्रत्येक शब्दाला त्या मान हलवत होत्या. जणू कुणी दुसऱ्याच बाईबद्दल बोलतंय. एका मुलीने "गोड" असं लिहिलं होतं. तिला म्हणाल्या, "हा शब्द मला आवडला. पण तो खोडा."

१९ नोव्हेंबर

आज ऑपरेशन. छाती उघडून. रोटुआ सकाळीच चर्चमध्ये गेली, मी नमाज पढले. दोघी परत येऊन नुसत्या बसलो.

२० नोव्हेंबर

वाचल्या! वाचल्या! वाचल्या!

२३ नोव्हेंबर

वाचल्या, पण बोलत नाहीत.

ऑपरेशनच्या वेळी एक गुठळी निसटली म्हणे, मेंदूत गेली. डाव्या बाजूला. आम्ही गेल्याच महिन्यात मेंदूच्या चित्रातला तो भाग शाईने रंगवला होता. मी हिरवा केला होता. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि शब्द गेले. असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, बूंनी सही केली होती. त्यांना तर आमच्यापेक्षा नीट माहीत होतं!

घोगरा आवाज होता. आत शब्द तरी होते. आता?

१५ डिसेंबर

त्यांना सोलोला परत आणलंय. विभागातल्या मोठ्या बाई रोज उपचाराला जातात. आज मला सोबत नेलं. नको म्हणत होते.

पलंगावर टेकून बसवलेल्या. स्कार्फ जरा तिरका, कुणीतरी दुसऱ्याने बांधलेला. मला पाहिलं. ओळखलं, नक्की ओळखलं! तोंड उघडलं. काही नाही. ओठ नुसते शोधत राहिले. मग त्यांनी मान भिंतीकडे केली.

बाहेर पडवीत त्यांची थोरली बहीण भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तीच ना तू? स्कॅन करा म्हणणारी?"

मी मान डोलावली.

"घोगरा तर घोगरा, बोलत होती माझी बहीण. शिकवत होती. झालं आता समाधान?"

मला रडूही आलं नाही. शेंगांची एक जुडी तिच्या हातातून खाली पडली, मी उचलून दिली, तिने घेतली. एवढंच आठवतं.

१६ डिसेंबर

रोटुआ भडकली. "फुटून मेली असती ती! मेलेल्या बाईने काय शिकवलं असतं?"

बरोबर आहे तिचं. मग छातीवर हा दगड कसला?

२९ डिसेंबर

तरी जाते. रोज नाही, जमेल तसं. मोठ्या बाई चित्रं दाखवतात. खुर्ची. मासा. छत्री. बू मुर्वानी बघतात, कळतं त्यांना, कोणतं म्हटलं की बरोबर बोट ठेवतात. बोलायला मात्र काही नाही. एक ते दहा मोजून पाहिलं, गाऊन पाहिलं. मोठ्या बाई घरी जाताना म्हणाल्या, "धीर सोडू नकोस," आणि मला वाटलं, त्यांनीच सोडलाय.

पाक दार्सोनो जेवण भरवतात. एकटेच बोलत राहतात. आज शेजारच्यांची बकरी कशी सुटली ते सांगत होते. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आयुष्यभर दोघांनी एकमेकांपुढे जपून ठेवलेलं सगळं बोलणं ते आता एका बाजूने खर्च करताहेत.

११ जानेवारी

शरीरशास्त्राची परीक्षा. डावी नस कुठून कुठे जाते, हाच प्रश्न! उत्तर लिहिलं. सगळं, महाधमनीपर्यंत. मग कागदावर डोकं टेकून बसले. पर्यवेक्षकाने पाणी आणून दिलं.

२१ जानेवारी

आज पाक दार्सोनो पेज भरवत होते. बोलण्याच्या नादात फुंकर घालायची राहिली. चमचा ओठाला लागला आणि बू मुर्वानी म्हणाल्या, "कुत्र्या!"

बू मुर्वानी! नवऱ्याला! बाजारातल्या बोलीत!

बहीण पडवीतून धावत आली. माझ्या अंगावर काटा. पण मी स्वतःला आवरलं. शिकलेय ना, शिवी आपोआप निसटते, मेंदूच्या वेगळ्याच कोपऱ्यातून. तो जुळवून बोललेला शब्द नव्हे. मागितली तर येत नाही.

पाक दार्सोनोंना यातलं काही माहीत नाही. ते जमिनीवरच बसले, सदऱ्यावर पेज, डोळ्यांतून धारा, आणि हसताहेत. "परत म्हण. अगं, परत म्हण ना मला."

बूंनी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ. ओठ हलले, अडले, परत हलले.

"कु... त्र्या."

मागितल्यावर!